खोटं माहेर

अयूब होडेकर दुकान उघडताना शटर आधी अर्धं वर करायचे, वाकून आत बघायचे, मगच पूर्ण उघडायचे. फोनवर हॅलो म्हणायचे नाहीत. "बोला, ऐकतोय" म्हणायचे. डावा कान जहाजाच्या इंजिनरूममध्ये निकामी झाला होता, म्हणून नेहमी माणसाच्या डाव्या हाताला उभे राहायचे. कीबोर्ड उलटा करून झटकायचे. त्यातून शेंगदाण्याची सालं पडली की रिकाम्या खोलीला विचारायचे, "कोण जेवला रे इथे?" गिऱ्हाइकाच्या पाठीमागून जायचं झालं तर दोन पावलं आधी खोकायचे. कुणी मशीनवर बसलेलं असताना पडद्याकडे बघायचे नाहीत. बघणं भागच असलं तर विचारायचे, "बघू का?" आणि उत्तर येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून थांबायचे.

राजिवड्यात, जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याला लागून त्यांचं सायबर कॅफे होतं. सहा मशीन. प्रत्येकाच्या माथ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर काढलेला, होडीवर असतो तसा. वडील होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. अयूबभाई स्वतः मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिशियन होते. कान गेला, मेडिकलमध्ये नापास झाले, परत आले. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. माणसं म्हणाली, रिक्षा घे. त्यांनी कॉम्प्युटर घेतले.

दुकान चाललं ते बायकांमुळे. कुणाचा नवरा कुवेतला, कुणाचा मुलगा मस्कतला. फोन महाग, आणि फोनवर सासूसमोर बोलायचं तरी काय? अयूबभाईंनी एकेकीला खातं उघडून दिलं, पासवर्ड म्हणजे काय ते समजावलं, पत्र कसं लिहायचं ते दाखवलं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला पुरुष मशिदीत जात, तेवढा वेळ दुकान बायकांचंच असे. अयूबभाईही नमाजाला जात. समोरच्या गल्लीत शिवणकाम करणारी आफरीन तेव्हा काउंटरवर बसायची.

२००५ साली एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यांनी सगळ्या मशीनवर नवा ब्राउझर घातला. इंटरनेटची पानं ज्या खिडकीतून दिसतात ती खिडकीच बदलली. जुन्या खिडकीत एक पान उघडलं की मागून पाच जाहिराती उड्या मारत यायच्या, आणि त्यातल्या दोन तरी बायकांसमोर येऊ नयेत अशा असायच्या. नव्या ब्राउझरने त्या दारातच अडवल्या. एकाच खिडकीत चार पानं शेजारी शेजारी उघडून ठेवता येऊ लागली. पत्ता लिहायच्या जागी कुलूप दिसलं की पान सुरक्षित, हे सगळ्या बायका शिकल्या.

"हा ब्राउझर नाय, तांडेल आहे," अयूबभाई म्हणायचे. "कुणाला होडीत घ्यायचं, कुणाला किनाऱ्यावर ठेवायचं, त्याला बरोबर कळतं."

एक सोय मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद केली. पासवर्ड लिहिला की ब्राउझर विचारायचा, लक्षात ठेवू का? आणि राजिवड्यातली प्रत्येक बाई होय म्हणायची.

"आठवण ठेवतो म्हणतो बिचारा," आफरीन म्हणाली. "त्याला नको कसा म्हणायचा?"

अयूबभाईंनी सेटिंग उघडली. एक बटण दाबलं, तर अर्ध्या मोहल्ल्याचे पासवर्ड पडद्यावर उभे. त्यांनी हात आडवा धरून पडदा झाकला आणि खालचं सगळं पुसायचं बटण तेवढं उघडं ठेवून दाबलं. मग उठून तोंड धुऊन आले.

इतका जपणारा माणूस. तरी चूक झाली, आणि ती वडिलांच्या शिकवणीनेच झाली.

ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात मधूनच एक लाल बाण दिसायचा. त्याचा अर्थ असा, की ब्राउझरमध्ये कुठेतरी भोक सापडलं आहे, ते बुजवणारा नवा तुकडा तयार आहे, तो उतरवून घ्या. फोनच्या लायनीवर तो उतरवायला एकेका मशीनला अर्धा दिवस जाई. त्याआधीच्या वर्षी ऐन हंगामात त्यांनी असंच काहीतरी नवं घातलं होतं आणि टपालाचं पान दोन दिवस उघडेना. बायका दारात येऊन परत गेल्या. तेव्हा त्यांना वडिलांचा नियम आठवला. होडी पाण्यात असताना फळीला हातोडा लावायचा नाही. पावसाळ्यात होडी वर ओढायची, फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासायची, आणि मगच पुन्हा समुद्र. हंगामात होडी चालते ना, मग चालू दे.

लाल बाण गणपतीनंतर दिसला. अयूबभाई त्याला म्हणाले, "जूनमध्ये बघू."

होडीचं भोक जूनपर्यंत तेवढंच राहतं. इथलं भोक जगभरच्या चोरांना ठाऊक झालेलं असतं. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण वडिलांचा नियम हाडात मुरलेला होता.

रमजान ईद होऊन गेली होती. त्या शुक्रवारी टोपी घालून ते निघालेच होते, तेवढ्यात मनाल आणि तिची सासू रहिमा आत आल्या. मनाल तीन नंबरच्या मशीनवर बसली. तिचा नवरा अद्नान दोहाला तेलाच्या कंपनीत होता. लग्नानंतर महिनाभर राहून तो गेला, त्याला दोन वर्षं होत आली होती. आता तिचा व्हिसा झाला होता. पहिल्या कागदात नाव चुकलं, दुसरा मिळायला उशीर झाला. नवा कागद अद्नानने बुधवारी रात्री ई-मेलने पाठवला आणि तो समुद्रातल्या रिगवर कामाला गेला. तिथे पंधरवडाभर फोन नाही. गुरुवारी राजिवड्यात दिवसभर वीज नव्हती. संध्याकाळी पाचला मुंबईची बस होती, पहाटे विमान. उद्यापर्यंत दोहाला उतरली नाही, तर कागद रद्द. पुन्हा अर्ज, पुन्हा कंपनीची मर्जी. अद्नानने लिहिलं होतं, साहेब पुन्हा सही करेल याची खात्री नाही.

"काढ तो कागद, आणि चल," रहिमा म्हणाली. "बॅग अजून बांधायची हाय."

मनालने पासवर्ड लिहिला. चुकीचा आहे, असं पानाने सांगितलं. तिने पुन्हा लिहिला. पुन्हा तेच.

"चाचा," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "हे घेत नाय."

अयूबभाईंनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. "बघू का?"

"बघा."

त्यांनी बघितलं. पासवर्डकडे नाही, पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे. तिथे एक छोटं चित्र होतं. ते त्यांनी बसवलं नव्हतं. वर लाल बाण तसाच होता.  जहाजावर रात्री पंपाचा आवाज बदलला की व्हायचं, तसं झालं.

त्यांनी वाकून तीन नंबरची नेटची वायर उपटली. मग चारची. मग सगळ्यांची.

"काय करतोस?" रहिमा ओरडली. "पोरीचा कागद आत हाय आणि तू वायरी तोडतोस?"

"खाला, थांबा जरा. कुणीतरी आत शिरलाय."

रहिमाने दाराकडे बघितलं.

"दुकानात नाय. मशीनमध्ये. हिचा पासवर्ड त्याने चोरला, आणि बदलला."

"कोण तो?"

"ठाऊक नाय."

 मनालच्या खात्यात दोन वर्षांची पत्रं होती. तिच्या लग्नाचा बराचसा संसार तिथेच झाला होता.

काउंटरवरचं एक नंबरचं मशीन अयूबभाई फक्त हिशेबाला वापरत, इंटरनेटला जवळजवळ नाहीच. त्यांनी ते तपासलं, दोनदा तपासलं, वायर लावली. लाईन लागायला वेळ लागला. दोन वाजता भारनियमनात वीज जायची. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिघांनीही बघितलं, आणि कुणीही वेळ उच्चारली नाही.

पान उघडलं. पासवर्ड विसरलात तर इथे या, असं लिहिलेलं होतं, तिथे गेले. जन्मतारीख विचारली. जुळली. मग प्रश्न आला. आईचं माहेरचं आडनाव काय?

"मुकादम," रहिमा लगेच म्हणाली. "लिव गो. मुकादम. कुणालाही विचार."

अयूबभाई बोलायला तोंड उघडत होते, तोवर मनालने सासूचं ऐकून मुकादम लिहिलं होतं.

उत्तर चुकीचं होतं.

"मुकादम चुकला?" रहिमा पडद्याकडे बोट नाचवत म्हणाली. "अरे, हिच्या आईच्या लग्नात मी जेवलेय! ह्या डब्याला माझ्याहून जास्त ठाऊक हाय काय?"

खाली तांबड्या अक्षरांत लिहून आलं होतं. आणखी एकदा चुकलं तर खातं उद्यापर्यंत बंद.

अयूबभाईंना सगळं आठवलं. हा प्रश्न शहरातल्या माणसांसाठी केलेला होता, तिथे शेजाऱ्याचं नाव शेजाऱ्याला ठाऊक नसतं. राजिवड्यात कुणाची आई कुठल्या घरातून आली, हे शाळेत न गेलेलं पोरही सांगेल. हे गुपित नव्हतं, ही चावडी होती. म्हणून खाती उघडताना त्यांनी प्रत्येकीला बजावलं होतं. खरं माहेर लिहायचं नाही. खोटं लिहा. कुणाला सुचणार नाही असं लिहा, मलाही सांगू नका.

मनालने खातं उघडलं तेव्हा ती कॉलेजात होती. लग्न ठरायचं होतं.

ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. विसरलेलं माणूस वर बघतं, डोळे मिटतं, बोटं मोडतं. मनाल तसं काही करत नव्हती. ती कीबोर्डकडे बघत होती. बोटं अक्षरांवर टेकली होती आणि हलत नव्हती. तिला उत्तर ठाऊक होतं. सासू खांद्यावरून बघत होती.

"खाला," अयूबभाई म्हणाले, "बाहेर चला."

"का?"

"नियम आहे. उत्तर लिहिताना दुसरं कुणी बघायचं नाय."

"मी दुसरी? सासू हाय मी तिची!"

"म्हणूनच चला. मीही येतो. आफरीन, तूसुद्धा."

शिवणाचे कपडे बाजूला ठेवून नुकतीच आत आलेली आफरीन आल्या पावली वळली. रहिमा हलली नाही. "आईचं माहेर लिवायला पडदा कशाला लागतो? काय शिकवतोस तू पोरींना इथे?"

"खोटं लिहायला शिकवतो," अयूबभाई म्हणाले. "मीच शिकवलं, खाला. सगळ्यांना. तिचा दोष नाय."

रहिमाने मनालकडे बघितलं. मनालने मान वर केली नाही. घड्याळाचा काटा दोनकडे सरकला होता. रहिमा पदर सावरून बाहेर पडली आणि पायरीवर उभी राहिली. अयूबभाईंनी मागे दाराचा पडदा ओढून घेतला.

मशिदीच्या भोंग्यावरून खुत्बा, नमाजाआधीचं प्रवचन, ऐकू येत होता. रस्ता मोकळा होता. उशीर झालेला एकच माणूस लगबगीने वर चढत होता. तो रहिमाचा धाकटा दीर अझीम निघाला.

"अयूब? जुम्मा सोडलास?" त्याने भावजयीकडे बघितलं, मग दुकानाच्या ओढलेल्या पडद्याकडे. "आत कोण हाय?"

"गिऱ्हाईक," अयूबभाई म्हणाले.

"आमची मनाल हाय," रहिमा म्हणाली. "तू जा. तुझा नमाज चुकंल."

अझीम गेला, पण दोनदा मागे वळून बघत गेला. अयूबभाईंना कळलं की आजची गोष्ट संध्याकाळपर्यंत नाक्यावर पोचणार. नमाज सोडून पडद्यामागे बायका बसवतो, एवढं पुरे होतं. त्यांनी दुकानाचा खांब धरला. आत एकही कळ वाजत नव्हती.

मग वाजल्या. थोड्याच. मग शांतता.

"काय लिवतेय ती?" रहिमा कुजबुजली.

"मला ठाऊक नाय. आणि तुम्हीही विचारू नका, खाला. कधीच."

"चाचा!" आतून हाक आली. "उघडला!"

नवा पासवर्ड तिने त्यांच्याकडे पाठ करून लिहिला. अद्नानचं पत्र होतं. चोराने ते उघडलं होतं, पण पुसलं नव्हतं. कागद उघडला, प्रिंटर घरघरला, पहिल्या चार ओळी बाहेर आल्या, आणि वीज गेली.

बॅटरीवरचं मशीन चालू राहिलं. प्रिंटर मेला. तो बॅटरीला जोडलेलाच नव्हता.

रहिमा मटकन स्टुलावर बसली. अयूबभाईंनी मशीनचा पडदा बंद केला, गुडघ्यांवर बसून टेबलाखालच्या अंधारात हाताने प्लग शोधला, प्रिंटरची वायर ओढून बॅटरीच्या मागे खुपसली. बॅटरी टीं टीं करायला लागली. तेवढ्या बॅटरीवर दोन्ही फार वेळ चालणार नव्हती. अडकलेला कागद मनालने हळूच काढला, नवा घातला. पडद्याशिवाय, आठवणीनेच, त्यांनी कळा दाबल्या.

प्रिंटर थांबला. विचार करत असल्यासारखा थांबला. मग ओळ ओळ करत कागद बाहेर आला. शेवटची ओळ, शिक्का, सही. बॅटरीचा आवाज लांबला आणि बंद झाला.

मनालने कागद दोन्ही हातांत धरला होता. "चाचा, माझी पत्रं त्याने वाचली असतील?"

खोटं बोलणं सोपं होतं. "असतील," ते म्हणाले. "भोक माझ्या दुकानात होतं. दोन महिने मला बाण दिसत होता. मी बुजवलं नाय."

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "वाचू दे. त्याला आमची भाषा कुठे कळणार?" आणि हसली. ते हसू काही खरं नव्हतं. पाचच्या बसने ती गेली.

आता अयूबभाईंपुढे दोन वाटा होत्या. मनाल गेली, कागद मिळाला, दुकानाबाहेर कुणाला काही कळलं नव्हतं. मशीन गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. पण तीन नंबरवर मनाल एकटी बसत नव्हती. चोराच्या हातात आणखी कितीजणींच्या किल्ल्या होत्या, कोण जाणे. सांगितलं तर घराघरातून एकच हुकूम निघेल, उद्यापासून तिथे जायचं नाही. मग दुकान जाईल ते जाईल, पण बायकांचं दारच बंद होईल. न सांगितलं तर ते दार उघडं राहील, आणि आत चोर.

संध्याकाळी मगरीबच्या नमाजानंतर ते घरोघर निघाले. दारात उभे राहून, भिंतीकडे बघत, सगळीकडे तेच बोलले. माझ्या दुकानातून पासवर्ड चोरीला गेले आहेत. चूक माझी. रविवारी या, नवीन करून देतो.

नाक्यावर अझीमने त्यांना अडवलं. भोवती पाचसहा माणसं होती.

"म्हणजे आमच्या घरच्या पत्रांवर परका माणूस नजर टाकतो? आणि हे तू तोंड वर करून सांगतोस?"

"नाय सांगितलं तर तो बघतच राहील."

"दुकान बंद कर."

"तुम्ही म्हणाल तर करतो. पासवर्ड आधी बदलू दे."

अझीम आणखी बोलणार होता. मागून मच्छीची पाटी घेऊन रहिमा येत होती. तिने पाटी उतरवलीही नाही.

"काय बंद कर? माझा अद्नान दोन वर्षं मला त्या डब्यात दिसला. तू दाखवणार हायस काय? सून बसमध्ये बसली ती ह्याच्या कागदावर. गप ऱ्हा आणि घरी चल."

कुणीतरी हसलं. अझीम हसला नाही, पण बाजूला झाला.

शनिवारी वीज होती. अयूबभाईंनी तीन नंबर पूर्ण पुसून नव्याने भरलं. बाकीच्या मशीनवर नवा ब्राउझर एकामागून एक उतरवला. दिवसभर जेवले नाहीत. छाती चोळताना आफरीनने बघितलं आणि डॉक्टरकडे जा म्हणाली. "ॲसिडिटी," ते म्हणाले. लाल बाण सगळीकडून गेला, तेव्हा त्यांनी चहा मागवला.

रविवारी बायका आल्या. इतक्या एकदम कधीच आल्या नव्हत्या. पुरुषांपैकी काहींनी नको म्हटलं असणार, तरी आल्या. पासवर्ड बदलले. ज्यांनी चाचांचं न ऐकता खरं माहेर लिहिलं होतं, त्या आता खोटं शोधत होत्या; प्रश्न आईच्या माहेराचा, पण बोलत होत्या सगळ्या स्वतःच्याच, आणि दुकानात हशा पिकला होता.

"माझा माहेर लंडन लिवू काय?"

"तुझा माहेर लंडन? नळावर भांडतेस ती इंग्रजीत भांडशील काय?"

"मोठ्याने बोलू नका गो," अयूबभाई ओरडत होते. "मोठ्याने बोललात तर मग गुपित कसलं!"

शेवटी सखू आली. सखू खारवीण, जेटीवर मासे विकायची. तिचा मुलगा शिवा बहरीनला होता. तिला वाचता येत नव्हतं. आफरीन तिची पत्रं वाचायची, ती सांगेल ते लिहायची. चार नंबरवर दोघी बसल्या. नवा पासवर्ड झाला. प्रश्न आला.

"सखूबाय, खोटं माहेर सांगा," अयूबभाई म्हणाले.

"खोटा कशाला सांगू? माजा माहेर हाय की. जयगड."

"ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं सांगा."

सखू गंभीर झाली. तिने हात मांडीवर ठेवले. "माहेर खोटा सांगायचा म्हंजे इचार करायला होवा रे. थांब वायच."

"करा निवांत. मी बाहेर थांबतो. सुचलं की आफरीनच्या कानात सांगा."

ते बाहेर गेले. पायरीवर उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून. बर्फाचा टेम्पो जाऊ दिला. मग खाली बसले. दोघींना वाटलं, दमले. सखूला नाव सुचलं, ती आफरीनच्या कानाशी वाकली, आणि तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पोचायच्या आधीच अयूबभाई गेले. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. दुपार उलटल्यावर, असरच्या नमाजानंतर राजिवड्याच्या कबरस्तानात दफन झालं. अझीमने खांदा दिला.

दुकानाचं शटर कुणीतरी घाईत ओढून घेतलं होतं. आत चार नंबरचं मशीन चालूच राहिलं होतं. सखूच्या खात्याचं पान उघडं होतं. प्रश्न निवडलेला होता. खाली उत्तराची चौकट होती, आणि ती रिकामी होती.